भुरीचा उतारा

संध्याकाळी माझ्या डोक्यावर कोंबडी बसते, यात आमच्या घरात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

सुरुवात साधी होती. पप्पांनी आठवडी बाजारातून दोन पिल्लं आणली. एक मांजरानं नेलं, उरली ती भुरी. (नाव पप्पांनी ठेवलं. द्राक्षावर भुरी नावाचा रोग पडतो. तो फवारणीनं तरी जातो, असं त्यांचं म्हणणं.) दिवसा तिनं अंगणात फिरायचं आणि दिवस मावळला की तिला डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली झाकायचं, असा बेत होता. भुरीला तो मान्य नव्हता. डालगं दिसलं की ती अंगणात अशी धावायची, की शेवटी पप्पाच दम लागून खाली बसायचे.

याच वेळी मी कडुलिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेली असायचे. धाराशिवला बी.कॉम. करून मी आमच्या गावी, तेरला परत आले होते आणि बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. मी मुळात कमी बोलते. शाळा इंग्रजी माध्यमाची, घर मराठवाड्याचं. दोन्हीकडं वाक्य मनात नीट जुळवेपर्यंत लोकांचा विषय बदललेला असतो. त्यामुळं मी बहुतेक वेळा नुसती बसते.

भुरी आधी माझ्या गुडघ्यावर बसली. आठ दिवसांनी खांद्यावर. मग एके दिवशी डोक्यावर. नखं टोचायला लागली, तेव्हा मम्मीनं घागरीखाली घेतात तसली चुंबळ करून दिली. ती डोक्यावर ठेवायची, त्यावर भुरी, खाली मी आणि माझ्या हातात गणिताचं पुस्तक. अंधार पडला की पप्पा तिला झोपेतच उचलून डालग्यात ठेवायचे. सगळ्यांची सोय झाली होती. खरं सांगायचं तर मला मनातून अभिमानही वाटायचा. एवढ्या मोठ्या घरात तिनं मला निवडलं होतं!

आणि मग तामलवाडीहून आत्या आल्या.

आत्या पप्पांपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. पप्पा त्यांना आक्का म्हणतात, मम्मी वन्सं म्हणते आणि दोघंही त्यांना घाबरतात. एसटी उशिरा आल्यामुळं त्या नेमक्या तिन्हीसांजेला दारात पोचल्या. समोर भाची खुर्चीत ताठ बसलेली, तोंडातून अवाक्षर नाही, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर डोळे मिटलेली कोंबडी. मी उठून पाया पडायला हवं होतं. पण उठले तर भुरी पडेल म्हणून मी नुसत्या पापण्या खाली केल्या.

आत्यांची पिशवी जागेवरच खाली पडली.

"कवापास्नं हाय हे?" त्यांनी पप्पांना हळूच विचारलं.

"झालं की दोन-तीन महिनं."

"आन तुमी बघायलाव व्हय नुसतं? तिन्हीसांजेला पोरीच्या डोक्यावर कोंबडी बसायली. पोरगी बोलंना झालीय."

"ती आधीपासनंच बोलत न्हाय, आक्का."

"तेच म्हणायले म्या."

माझ्या बाजूनं काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं. वाक्य जुळलं नाही. आत्यांनी मम्मीकडं बघून मान हलवली, म्हणजे बघितलंस ना.

"उतारा टाकावा लागंल," त्या म्हणाल्या.

"कशाचा?" मम्मीनं विचारलं.

"कोंबडीचा. पोरीवरनं सात बार उतरून शिवंच्या पल्याड सोडून यायची."

"आता कोंबडी कुठनं आणायची, वन्सं?"

मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा माझ्या डोक्याकडं वळल्या.

शिवेपलीकडं सोडलेल्या कोंबडीचं काय होतं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. अर्ध्या तासात कुठल्यातरी चुलीवर तिचा रस्सा होतो. पप्पांनी थोडा प्रयत्न केला. "आक्का, जिनं केलं तिलाच उतरायचं, हे बसतंय का नियमात?" पण आत्या म्हणाल्या, "परवा आवस हाय, परवा करायचं." विषय संपला.

मधल्या दोन दिवसांत मी खूप बोलले. सगळं मनात. आरशासमोर तर एकदा इतका सुंदर युक्तिवाद केला की आत्या तिथं असत्या तर माझ्या पाया पडल्या असत्या. मोबाइलवर शोधून काढलं, की कोंबड्या माणसावर चढून का बसतात. जमिनीवर साप, मुंगूस, मांजर यांची भीती असते, म्हणून झोपायच्या वेळी त्यांना उंच जागा लागते. माणसाचं अंग उबदार असतं. खायला देणाऱ्याची सवय होते. सगळं वहीत लिहून पाठ केलं. आत्यांसमोर गेले आणि विचारलं, "चहा टाकू का?"

अमावस्येला संध्याकाळी मला अंगणात पाटावर बसवलं. चुंबळ काढून घेतली. आत्यांचा दिवसभर उपवास होता आणि आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यांनी भुरीला दोन्ही हातांत धरलं आणि माझ्याभोवती फिरवायला सुरुवात केली. एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत माझं डोकं अगदी सोयीच्या उंचीवर आल्यावर भुरीनं पाय लांब केले आणि बसली.

"अगं बया," आत्या म्हणाल्या आणि तिला सोडवून घेतलं. माझे चार केसही गेले. "पहिल्यापासनं."

पुन्हा एक, दोन. भुरी बसली. पुन्हा पहिल्यापासून. आता तिला खेळ कळला होता. पहिल्याच फेरीत पाय लांब करायला लागली. डोक्यावर बसलेली कोंबडी उतरवायला डोक्यावरून कोंबडी उतरवायची, आणि ती उतरवताना डोक्यावर बसायची. असं पाच वेळा झालं.

"आक्का," पप्पा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "सात एका दमात पायजेत, का तुकड्या-तुकड्यानं चालत्यात?"

आत्या घामाघूम झाल्या होत्या. "पोरीनंच धरून ठिवलंय तिला. अंगात हाय तिच्या काय तरी. आता तशीच सोडून या शिवंवर. उतरनं-बितरनं ऱ्हाऊ द्या."

पप्पांनी भुरीला घेतलं. चपला घातल्या. अंगणाची एक पायरी उतरले.

आणि माझ्या तोंडून आवाज आला. "माझ्या अंगात काही नाही. मी फक्त हलत नाही."

पप्पा थांबले. मम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. (नंतर तिनं सांगितलं, तिला वाटलं रेडिओ लागला.) आता थांबले तर परत सुरू होणार नाही, हे मला माहीत होतं. साप, मुंगूस, मांजर, ऊब, सवय, सगळं एका श्वासात बोलून टाकलं. क्रम चुकला, पण राहिलं काहीच नाही.

आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असं आसंल तर मग आमच्यावर का बसत न्हाय?"

"तुम्ही हलता," मी म्हणाले. "आणि बोलता."

पप्पांनी तोंडाला टॉवेल लावला आणि खोकले.

"आण ती खुर्ची," आत्या म्हणाल्या. "माझ्यावर बसली तर ऱ्हाऊ दे घरात. न्हाय बसली तर शिव."

आत्या खुर्चीत बसल्या. भुरी जवळ आली, मान तिरकी करून बघायला लागली. "दूध झाकलं का गं?" आत्यांनी विचारलं. भुरी मागं सरली. परत आली. "त्या दोरीवरचे कपडे कोण काढणार हाय?" भुरी पळाली. उजेड कमी होत चालला होता. साधा नियम होता, दोन मिनिटं गप्प बसायचं. पण तो आमच्या घराण्यात आजवर माझ्याशिवाय कुणाला पाळता आलेला नाही.

मम्मी मात्र हुशार निघाली. "वन्सं, दिवसभर जप राहिलाय ना तुमचा? बसलाच आहात तर डोळे मिटून करून घ्या."

आत्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मग हळू हलायला लागले. मग थांबले. उपवास, जागरण आणि पाच वेळचा उतारा यांनी आपलं काम केलं. आत्या घोरायला लागल्या.

भुरी हातावर चढली. तिथून खांद्यावर. मग आत्यांच्या अंबाड्यावर, जो माझ्या चुंबळीपेक्षा कितीतरी चांगला होता. दोनदा गोल फिरली आणि बसली.

आम्ही तिघं श्वास रोखून उभे. थोड्या वेळानं आत्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "कोण हाय?"

"भुरी," पप्पा म्हणाले. "आक्का, तुमचा उतारा आज करायचा, का पुढच्या आवसंला?"

आयुष्यात पहिल्यांदाच आत्या हलल्या नाहीत.

"माझा कशाला?" शेवटी त्या म्हणाल्या. "माणूस बघून बसती ती. ऊन-ऊन लागायलंय चांगलं."

मी तिथंच पायरीवर बसले. मम्मीनं डोळे पुसले आणि धुरामुळं पाणी आलं असं सांगितलं. (आमच्याकडं गॅस आहे.)

दहा मिनिटांनी आत्यांची मान अवघडली. "आता हिला बसाय काय तरी करा, का म्या इथंच ऱ्हाऊ सकाळपतूर?" पप्पांनी द्राक्षाच्या मांडवातला एक बांबू आणला आणि लिंबापासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत आडवा बांधला. भुरीला उचलून त्यावर ठेवलं. तिनं एकदा वाकून बांबू बघितला, नखं आवळून धरली आणि अंग फुगवून झोपली.

आत्या तामलवाडीला गेल्या. भुरी जिवंत आहे, अंडी देते, आणि फोनवर आत्या आमच्या आधी तिची चौकशी करतात. मला खूप हायसं वाटलं.

बांबू बांधला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चुंबळ घेऊन खुर्चीत बसले. भुरी आली, माझ्यासमोरून गेली, उडाली आणि बांबूवर बसली. मग मी जरा बांबूजवळ जाऊन उभी राहिले. अगदी स्थिर.

"काय करायलीस गं तिथं?" मम्मीनं आतून विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

गप्प राहणं आणि न हलणं, एवढ्या दोनच गोष्टी मला जगात उत्तम येतात, असा माझा समज होता. बांबूला त्या माझ्यापेक्षा चांगल्या येतात.