शंकेखोर ऋताचा धंदा

काशीत ब्रह्मा घाटावर राहणाऱ्या ऋता शेवडेचा कशावरही सहजी विश्वास बसत नसे. १९९९ साली ती छोट्या वेबसाइट विकत घेई, सुधारी आणि नफ्याने विके.

एकदा सायबर कॅफेत एकाने तिला विकायला काढलेली काशीच्या धर्मशाळांची साइट दाखवली. पानाच्या तळाशी किती लोक येऊन गेले, त्याचा आकडा होता. "देखिए, कितने लोग आते हैं!" ऋताने तेच पान पुन्हा पुन्हा उघडलं. दर वेळी आकडा वाढला.

"भाईसाहब, लोग नहीं, मैं ही आ रही हूँ."

तो ओशाळला आणि साइट स्वस्तात देऊन मोकळा झाला. मग ऋताने गल्लोगल्ली हिंडून बंद पडलेल्या धर्मशाळा काढून टाकल्या आणि संकठा घाटाजवळच्या लीलाकाकूंकडची राहण्याजेवण्याची सोय त्यात घातली.

पुढे नागपूरचे एक यात्रा कंपनीवाले साइट घ्यायला आले. "खरंच कोणी बघतं का हो हे?" त्यांनी डोळे बारीक करून विचारलं. ऋता त्यांना थेट लीलाकाकूंच्या पंगतीत घेऊन गेली. तिथे जेवत असलेलं इंदूरचं जोडपं म्हणालं, "आम्ही इंटरनेटवर पाहूनच आलो."

गृहस्थांनी तिथेच चेक लिहिला. ऋताला मनातून फार बरं वाटलं. पासवर्ड मात्र तिने चेक वटल्यावरच दिला.