उलटी गेलेली मोटार

बायको गेली त्याला पाच महिने झाले. भेटायला येणारे म्हणतात, म्हातारबा, मन मोकळं करा. मनात दुसरं काही नाही, एक मोटार आहे. ती चाळीस वर्षं मनात आहे. मला नीट लिहिता येत नाही, शाळा दुसरीपर्यंतच झाली. तरी लिहितो, कारण तोंडानं सांगायला गेलो की भलतंच सांगत बसतो.

तीस सालचा सोलापूरचा मार्शल लॉ उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी सोलापुरात गिरणीत तेलवाला होतो, यंत्रांना तेल घालायचं काम. ते सोडून एका उस्तादाच्या हाताखाली मोटारीचं काम शिकलो आणि मग माणसं वाहायची एक जुनी सर्व्हिस मोटार घेतली. सासूला ते पटलं नव्हतं. ती म्हणायची, गिरणीचा पगार सोडून हा भूत पाळायला लागला. त्यात एके दिवशी मी तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं आणि ते तडकलं. मोटार जागेवर बसली. चूक माझीच होती, पण सासूला ते कळू द्यायचं नव्हतं.

कापसाच्या जिनिंगमागं बाभळीखाली त्याच बनावटीची एक मोटार गंजत पडली होती. मालक मेलेला, पोरांनी ढुंकून बघितलं नव्हतं. पत्र्याला बोट लावलं की आरपार जायचं. मागच्या गादीत कोंबडी अंडी घालायची. पण इंजिनात तेल होतं, आतलं लोखंड शाबूत होतं. मी ती मागून घेतली. ठरवलं की इंजिन, गिअरची पेटी, मधला दांडा आणि मागच्या दोन चाकांमधला धुरा हिचा काढायचा आणि माझ्या मोटारीत घालायचा. उस्ताद म्हणाले, "पेट इसका, चमडी उसकी. चलेगी रे, क्यूं नहीं चलेगी."

धुऱ्याचे नट गंजून एकजीव झाले होते. दोन दिवस घासलेटात भिजवले तेव्हा सुटले. धुऱ्याच्या पोटात एक मोठं दातेरी चक्र असतं, इंजिनाचा जोर तेच चाकांना देतं. ते काढलं, धुतलं, परत बसवलं. आमच्याकडं खाली उतरून काम करायचा खड्डा नव्हता. म्हणून धुरा जमिनीवर पालथा घालून काम केलं. पालथं घातल्यावर त्याचं डावं अंग उजवं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. उस्तादांना त्या दिवशी ताप होता, ते आले नव्हते. मी एकट्यानं धुरा बंद केला आणि मोटारीखाली चढवला. वर छाती काढून फिरलो.

इंजिन मोटारीत उतरवायचं होतं त्या दिवशी दुपारी मेहुणा आला. सासर मंद्रूपच्या पुढं, भीमेकडं, दहा कोसांवर. घरात कानडी बोलत, आईला अव्वा म्हणत. मेहुणा बैलगाडी घेऊन आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "दाजी, अव्वा चार दिस झालं खात न्हाई. अक्काचं नाव घेतीया. अक्काला धाडा माझ्यासंगं."

बायको उंबऱ्यात उभी होती. तिनं ऐकलं आणि आत गेली. गाठोडं बांधायचा आवाज आला.

आता माझं बघा. तीन बांबूंच्या तिकाटण्याला मोटेचं चाक बांधून, मोटेच्या जाड दोरानं इंजिन टांगलेलं होतं. ते खाली सोडायला माणसं मिळत नव्हती. मी मेहुण्याला म्हटलं, "बैलं आलीच हायत, तर जरा ह्यो दोर धरू दे की."

तो हसला. "दाजी, म्हंजी मोटारीला बी बैलंच लागत्यात व्हय?"

"आजच्यापुरती. उद्यापास्नं तुझी बैलं माझ्या मागनं धूळ खात येत्याल."

विहिरीवर मोट सोडताना बैल मागं मागं सरकतात, तसे ते सरकले. इंजिन खाली उतरलं, जागेवर बसलं. मला इतका आनंद झाला की मी बैलाच्या गळ्याला मिठी मारली. त्यात तास-दीड तास गेला. तिची आई तिकडं पडून आहे, हे त्या वेळात मला एकदाही आठवलं नाही. हे खोटं लिहून काय उपयोग.

मेहुणा घाई करू लागला. दुसऱ्या दिवशी अमुशा होती. आमच्या भागात अमुशेला बैल जुंपत नाहीत. म्हणजे आज निघाला नाही तर तो परवावर जाणार. बायको गाठोडं घेऊन बाहेर आली. एक पाय गाडीच्या चाकावर ठेवून वर चढतच होती. मी तिचा दंड धरून तिला खाली उतरवलं.

"उतर. उद्या सकाळी मोटारीनं जाऊ. दोन तासांत पोचतो. तुज्या आईला बी बघू दे, जावयानं काय केलंय ते."

ती म्हणाली, "जाऊ द्या की मला. तुमी मागनं या मोटार घिऊन."

"माजी मोटार असताना तू बैलगाडीत जाणार?"

मेहुण्यानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मग अव्वाला काय सांगू?"

"सांग, मोटारीनं येत्यात म्हणून."

तो गेला. गाडी वळणाआड होईपर्यंत ती तिथंच उभी होती. गाठोडं काखेतून खाली ठेवलं नव्हतं.

अमुशेला आम्ही हत्याराला हात लावत नाही, पण म्हटलं काम झालेलंच आहे, नुसती हाकायची आहे. सकाळी उस्ताद आले. बायकोनं पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, बॉनेटला हळद-कुंकू लावलं. मी हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. असा सुरेख आवाज मी पुन्हा ऐकला नाही. गल्लीतली माणसं गोळा झाली. मी पहिला गिअर टाकला आणि मोटार मागं गेली.

लिंबं तशीच राहिली. मागं शेजाऱ्याची शेणकुटांची रास होती, ती मोडली. मी ब्रेक दाबला. परत गिअर बघितला. परत मागं. दुसरा टाकला, आणखी जोरात मागं.

एकजण ओरडला, "मिस्त्री, सासुरवाडीला पाठ करून निघाला व्हय!" सगळे हसले. पोटं धरून हसले.

उस्ताद खाली वाकले. मागची चाकं बघितली आणि कपाळावर हात मारला. "क्या करको रखा रे तू! अंदर का चक्कर उल्टे बाजू बिठाया. आगे के तीनों गिअर पीछे के हो गए." मग जरा थांबून म्हणाले, "पन सुन. पीछे का जो एक गिअर है, वो अब आगे लेके जाता. उसमेच डाल. धीरे धीरे ले जा. दोपहर तक पहुँचता."

बायकोला उस्तादांची दखनी बोली कळायची. ती पुढं आली. माझ्याशी चारचौघांत बोलायची नाही, पण त्या दिवशी बोलली. "तशीच न्या की. हळूहळू जाऊ. मला काय जोरात जायाचं न्हाई, पोचल्याशी कारण."

मी म्हणालो, दात तुटतील. पाणी उकळंल. निम्म्या वाटेत रानात बसावं लागंल.

तुटले असते का, मला आजही ठाऊक नाही. उस्तादांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं आणि ते 'ने' म्हणत होते. खरं एवढंच, की मला लाज वाटली. माणसाच्या चालीनं, कण्हत कण्हत मोटार सासरच्या दारात न्यायची आणि मेहुणा विचारणार, दाजी, बैल बरा होता न्हवं? त्यापेक्षा म्हटलं, धुरा उघडतो, सुलट करतो, उद्या नीट जाऊ.

तिनं खाली वाकून ती दोन्ही लिंबं उचलली. पुसली. आत नेऊन ठेवली.

अमुशा असूनही दिवसभर मी हत्यारं घेऊन धुऱ्याखाली होतो. ती एकदा भाकरी ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी त्याच लिंबांवरून मोटार पुढं गेली. वाटेत कुठं थांबली नाही, पाणी उकळलं नाही. दीड तासात गावात. मी लांबूनच भोंगा वाजवला. पोरं मागं पळत आली. सासरच्या दारात माणसं बसलेली होती आणि मेहुण्याचं डोकं भादरलेलं होतं.

सासू आदल्या दिवशी दिवेलागणीला गेली. लेकीच्या हातचं पाणी तोंडात पडलं नाही. मेहुणा माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बहिणीला म्हणाला, "मोटारीनं येती म्हटल्यावर दिसभर कान लावून पडलीवती. वाजलं की इचारायची, मोटार बंतेन? मोटार बंतेन?" आली का मोटार, असं ती कानडीत विचारत होती.

उस्तादांनी सांगितलं तसा आदल्या सकाळी निघालो असतो, तर कण्हत कण्हत का होईना, दुपारी तिथं असतो. हा हिशेब बायकोनंही केला असणार. तिथं उभ्या उभ्याच केला असणार.

दिवस घालून ती बैलगाडीनं परत आली. ती मोटार पुढं लई वर्षं चालली, घर तिच्यावर उभं राहिलं. बायको तिच्यात पुन्हा बसली नाही. जत्रेला, लग्नाला, कुठंही चालत नाहीतर बैलगाडीनं. कुणी विचारलं तर म्हणायची, मला मळमळतं. पोरं मोठी झाली, त्यांनाही तेच सांगितलं.

ह्या शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी बसलो होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "तवा माजं चुकलं."

"काय चुकलं?"

"ते चक्र उलटं बसलं."

तिनं पांघरूण वर ओढलं. मग म्हणाली, "चक्राचं काय हो. ते लोखंड." आणि कूस बदलली. त्यानंतर आम्ही त्यावर बोललो नाही. दहा दिवसांनी ती गेली.

थोरल्या पोरानं तिला मसणात न्यायला मोटारगाडी आणली होती. मी म्हटलं, गाडीत घालायची नाही, खांद्यावर न्या. तो चिडला, "अण्णा, ऊन बघा, मसणवट दोन मैल हाय." मी ऐकलं नाही. शेवटी चौघांनी उचलली. मला मात्र चालवेना. फर्लांगभर गेलो आणि रस्त्यात बसलो. मग पोरांनी मला त्या गाडीत बसवलं आणि गाडी तिच्या मागं ठेवली. ड्रायव्हरनं पहिला गिअर टाकला तो काढला नाही. इंजिन कण्हत होतं, खांदेकरी चालतील तितकंच पुढं सरकत होतं. ना पाणी उकळलं, ना दात तुटले. दोन मैल तसेच गेलो आणि पोचलो.