शिप्रा नावाची गोष्ट

शिप्रा हालगेला एका जागी बसवत नसे. लातूर–कंधार गाडीत तिची सीट रिकामी असली तरी ही कंडक्टर दांड्याला टेकून उभीच. लातूरजवळच्या मुरुडला घरीसुद्धा हातात भाकरी घेऊन अंगणात येरझाऱ्या चालायच्या.

एकदा तिकीट घेताना एका वयस्कर गृहस्थांनी तिच्या शर्टावरचं नाव वाचलं.

"बाई, तुम्ही ख्रिस्ती का?"

"न्हाई, लिंगायत."

"मग बायबलातलं नाव कसं?"

"उज्जैनच्या नदीचं हाय ते," ती म्हणाली. लहानपणापासून हेच ऐकलेलं. पण घरातलं कुणी कधी उज्जैनला गेलेलं नाही, हे तेव्हा पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं आणि जिवाला चैन पडेना.

घरी आई रत्नम्मा शेंगा फोडत होती. शिप्रानं सरळ विचारलं, नाव कुणी ठेवलं?

"दवाखान्यातल्या दीना सिस्टरनं," रत्नम्मा मान वर न करता बोलली. "आता कंधारला असती. तिलाच इचार."

पुढच्या सुट्टीला शिप्रा कंधारला पोचली. ओळख सांगताच म्हाताऱ्या सिस्टर तिच्याकडं बघतच राहिल्या.

"इब्री, म्हणजे ज्यू लोकांच्या भाषेत शिप्रा म्हणजे देखणी. नदीशी नुसता उच्चार जुळतो. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या राजानं सुइणींना हुकूम दिला होता, इब्री बाईला मुलगा झाला की मारून टाका. शिप्रा नावाच्या सुइणीनं तो मानला नाही."

"पण मी तर मुलगी."

"हो. तू तिसरी मुलगी. तुझी आई भिंतीकडं तोंड करून म्हणाली, हिचं काहीतरी करून टाका, मला दाखवू नका. मी तुला पुसलं, गुंडाळलं आणि तिच्या कुशीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, नाव काय ठेवू. मग मी तिला ही गोष्ट सांगितली."

शिप्रा घरी आली तेव्हा रत्नम्मा दारातच उभी होती.

"सांगितलं का तिनं?"

"हाव. सगळं."

"तुझ्या बापाला शिवलीला नाव ठेवायचं व्हतं. मीच अडून बसले. म्हणलं, हेच नाव राहू द्या. हाक मारताना दर बारीला मला आठवलं पाहिजे."

शिप्राला राग आला होता. ती तशीच मागं वळून स्टँडपर्यंत गेली आणि उगाच परत आली. पुढं कितीतरी दिवस दोघींचं बोलणं कामापुरतंच होतं.

परवा रत्नम्मा म्हणाली, "मला एकदा सिस्टरकडं घेऊन चल."

"बघू," शिप्रा म्हणाली आणि ड्युटीवर निघून गेली.