आंधळा नंदी

अगं सुमे, कान इकडं कर जरा, आत्याला रागवायचंच हाय तुला. लग्नाची पत्रिका नुसती मोबाईलवर धाडलीस! हळदीकुंकवाचं बोट लावू कुठं मी, काचेवर?

त्या पत्रिकेवरचा नंदी बघितला अन् आमचा चौसाळ्याचा छापखाना आठवला. कॉम्प्युटर नवाच आलता. आमचे हे कागद आणायला बीडला गेलते, म्हणून त्याच्यापुढं मीच बसलेली. बाकावर किराणावाले शिवाप्पा. लेकीच्या लग्नाची पहिली पत्रिका त्यांना त्याच सांजेला महादेवापुढं ठेवायची होती.

पत्रिका पाकिटात मावावी म्हणून मी पडद्यावर नंदीच्या चित्राचा कोपरा धरून त्याला लहान केलं. कागद छापून निघाला. नंदी लहान झालता, पण रेघा होत्या तेवढ्याच जाड. डोळे काळ्या शाईनं बुजून गेलते.

"वहिनी, आंधळा नंदी देवापुढं ठिवू का मी? सोयरे काय म्हणतील?"

मला घाम फुटला. पडद्यावरच्या सगळ्या चौकटी इंग्रजीत. एकीवर खूण करायची, कागद काढायचा, पुन्हा तेच. चौथ्यांदा रेघांची चौकट घावली, तवा रेघा बी नंदीसंगं बारीक झाल्या अन् डोळे उघडले. शिवाप्पांनी कागद कपाळाला लावला. त्यांचे हात लई कापत होते.

तवा वाटलं, माझ्यावरच्या रागानंच कापायलेत. आज कळतंय, लेक द्यायची म्हणून ते माझ्याहून जास्त भ्यालते.

माझा दादा बी आता तसाच भ्याला असंल, बोलणार न्हाई. लग्नाआधी ये गं लौकर, अन् बापाला संगं घेऊन ये.