आईची गाडी, मावशीची शाळा

मंडळी, आज सकाळी आईला घेऊन नाशिकहून नांदगावकडच्या तिच्या माहेरगावी गेलो होतो. गावाजवळून पूर्वी एक छोटी रेल्वे जायची. ती बंद होऊन कित्येक वर्षं झाली. रूळही काढून नेले, आता नुसता मातीचा भराव उरलाय.

भरावावर उभी राहून आई खुशीत सांगू लागली, "याच गाडीनं मी तालुक्याच्या हायस्कूलला जायचे. गाडी नसती तर मी शिक्षिका झालेच नसते."

मावशी तिच्याहून सहा वर्षांनी लहान, गावातच दिलेली; तीही आमच्याबरोबर भरावावर आली होती. ती शांतपणे म्हणाली, "मी सातवी पास झाले अन् गाडी बंद पडली. पोरीला एवढ्या लांब चालत कोण धाडणार? माझी शाळा तिथंच सुटली."

आईचा चेहरा उतरला. "हे मला कधी बोलली नाहीस गं."

"तू नुकतीच नोकरीला लागली व्हती, ताई. लय खूश व्हतीस."

आईनं तिचा हात धरला आणि चालताना भराव संपेपर्यंत सोडला नाही.

गाडी बंद झाल्याची नोंद रेल्वेच्या दप्तरात असेलच. मावशीची शाळा सुटल्याची कुठेच नाही. तुमच्या घरात असं कुणी आहे का? कधी विचारलंय त्यांना?