बंपरवरचं कुंकू

ये गं, अशी जवळ सरक. आधी पाणी पी. किती दिवसांनी मावशीच्या दारात पाय ठेवलास, आणि आल्या आल्या विचारलंस काय, तर "मावशी, गाडीच्या कोपऱ्याला तो लाल डाग कसला?" माझी तब्येत कशी, गुडघे कसे, काही नाही. पुण्यात राहून तुम्ही पोरी अगदी आरटीओतल्या माणसांसारख्या झालात. माणूस नंतर, गाडी आधी. बरं, विचारलंसच तर ऐक. मधे बोलायचं नाही.

गाडी तुझ्या मावसभावाची. पांढरी घेतली, कारण पांढऱ्यावर ऊन कमी लागतं म्हणे. तो उर्स्याकडं कंपनीत जातो ते कंपनीच्या बसनं, म्हणजे गाडी दिवसभर आमच्या टाकव्याच्या अंगणात उभी. सुट्टीच्या दिवशी तो तिला असा पुसायचा, असा पुसायचा, की लहानपणी मी त्यालासुद्धा इतकं पुसलं नसेल. स्वतःचं जेवलेलं ताट मात्र जागेवरून हलायचं नाही.

सुनेनं वडगावच्या क्लासला जाऊन ड्रायव्हिंग शिकून घेतलं. लायसन आलं त्या दिवशी त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "चालव तू. पण एक ओरखडा जरी उमटला, तर चावी माझ्याकडं." ती हसली. मी नाही हसले, कारण मला तो लहानपणापासून माहीत आहे. त्याची पेन्सिल कुणी टोक मोडून परत दिली की परत त्या पोराला मिळायची नाही.

आता सुनेला गाडी कशाला, तर डब्यांना. लोणावळ्यात बंगले भाड्यानं घेऊन मुंबईची माणसं शनिवार-रविवार येतात आणि त्यांना हवं काय, तर पिठलं, भाकरी, ठेचा. आमची पोरं कामशेतला जाऊन पिझ्झा खातात, आणि ती माणसं घाट चढून पिठलं खायला येतात. चालायचंच. आधी ती डबे घेऊन एसटीनं जायची. पोचेपर्यंत भाकरीचं चामडं व्हायचं, आणि एक बंगला धरला की दुसरा सुटायचा. गाडी हाताशी आली आणि बंगले वाढले. भाकरी मी थापते, बाकी सगळं तिचं. लग्नानंतर पहिल्यांदा घरात एक गोष्ट अशी झाली होती की लोक तिचं नाव घेऊन फोन करत होते, अमक्याची बायको म्हणून नव्हे. चावी गेली असती तर हे सगळं गेलं असतं. हे तिलाही ठाऊक होतं, मलाही.

तर एका रविवारी ती परत आली ती गाडीतून उतरेचना. मी म्हटलं, "काय गं, डबे परत आले का?" तर बोट दाखवलं. पुढच्या बंपरचा डावा कोपरा आत चेपलेला, आणि त्याच्यावर पिवळ्या रंगाचे फराटे. एका बंगल्याच्या फाटकाला पिवळे खांब आहेत, त्यातल्या एकाला घासली होती.

"मी आजच सांगून टाकते यांना," ती म्हणाली.

"सांग की. पण आधी रंगवून घे, मग सांग. जखम बरी झाल्यावर सांगितली की ऐकणाऱ्याला कमी लागते."

यात माझी हुशारी काही नव्हती बरं का, नुसती भीती होती. आणि थोडा रागही. तुझ्या मावसभावानं मागं एक्सप्रेसवेवर आरसा मोडून आणला, तेव्हा म्हणे ट्रकवाला बघून चालवत नव्हता. सुनेनं खांबाला घासली, तेव्हा काय खांब बघून चालवत होता?

त्या रविवारी तो जादा पाळी करून अंधारात आला, त्यामुळं कोपरा त्याला दिसला नाही. सोमवारी तो कामावर गेला आणि आम्ही दोघी वडगावला. तिथं जुन्या हायवेला एक चाचा आहेत, डेंटिंग-पेंटिंग करतात. पत्र्याची शेड, पुढं दोन जुने टायर, तेच बसायला. चाचांनी कोपरा बघितला आणि विचारलं, "उभी असताना कुणीतरी ठोकली का?"

"नाही. मीच घासली, चालवताना," सून म्हणाली.

चाचांनी हातातला कपडा खाली ठेवला. "पोरी, इतकी वर्षं हा धंदा करतोय, असं सांगणारी तू पयली. माझ्याकडं येती ती परतेक गाडी उभीच असती. देवळाम्होरं उभी, लग्नात उभी, दवाखान्यात उभी. आपल्या मावळात चालत्या गाडीला काय व्हत न्हाई बघ, उभ्या गाडीनं मातर लय जपून ऱ्हावं."

मी म्हटलं, "चाचा, थट्टा ऱ्हाऊ द्या. नवऱ्याला कळायच्या आत करून द्या."

"मावशी, कळू नये म्हनून लय गाड्या येत्यात. पर आजवर बायकोला कळू नये म्हनूनच आल्या."

मग काम सुरू झालं. पिवळे फराटे म्हणजे खांबाचा रंग, तो पॉलिशनं निघाला. माझा निम्मा जीव भांड्यात पडला. खाली मात्र खरे ओरखडे होते. चाचांनी चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्या चेपलेल्या जागी ओतलं, मागून हात घातला आणि दाबलं. टपकन आवाज झाला आणि कोपरा बाहेर. प्लास्टिकच ते, बाळाच्या टाळूसारखं मऊ झालं होतं. मग ओरखड्यांत लांबी, म्हणजे ती पुटी, भरली, पॉलिश पेपरनं घासलं, आणि शेवटी पांढरा रंग फवारला. त्या पांढऱ्यावरून त्यांचं आणि सुनेचं अर्धा तास चाललं. मला एक पांढरा माहीत, चाचांच्या फळीवर पांढऱ्यांचं अख्खं गाव. शेवटी जमला. इतका जमला, की ओरखडा कुठं होता ते मीच विसरले.

निघताना चाचा म्हणाले, "वरनं सुकला, पर आतनं वला हाय. धुवू नका, हात लावू नका." सुनेनं मान डोलावली. मीही डोलावली. माझी मान तशी कुणासमोरही डोलते.

घरी आलो. आता तूच सांग, माणूस दवाखान्यातून घरी आला की आपण काय करतो? उंबऱ्याच्या बाहेर थांबवतो, भाकरतुकडा ओवाळून टाकतो, पायावर पाणी घालतो, मग आत घेतो. मी गाडी फाटकातच थांबवली. सून म्हणाली, "आई, हे कशाला?" मी म्हटलं, "एवढी दृष्ट लागली, उतरायला नको?" भाकरतुकडा ओवाळला, चाकांवर पाणी घातलं, आणि पाण्यात कालवलेल्या कुंकवात अंगठा बुडवून लावला. कुठं लावायचा? जिथं दुखलं तिथंच की. दाबून लावला.

"आई! रंग ओला आहे!"

मग काय, पुसायला गेले. पण अगं, अंगठा टेकला आणि हात थबकला. कुंकू पुसायचं म्हणजे... गाडीचं असलं म्हणून काय झालं? शेवटी डोळे मिटून पदरानं पुसलं, तर ते गेलं नाही, पसरलं. चाचांनी एवढ्या कष्टानं जुळवलेल्या पांढऱ्यात माझा अख्खा अंगठा, रेषांसकट. सुनेनं कपाळावर हात मारला, मग खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली.

संध्याकाळी मुलगा आला. फाटकातून शिरला तो सरळ कोपऱ्याशी.

"आई, कुंकू बॉनेटवर सोडून इथं कुणी लावलं?"

"देव काय फक्त बॉनेटवरच असतो का रे?"

तो वाकला, बोट फिरवलं. "रंग नवा आहे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सून पिठाच्या हातांनी बाहेर आली. "माझ्याकडून लोणावळ्यात खांबाला घासली. चाचांकडून रंगवून आणली. आज सांगणारच होते." आणि हात पुसून खिळ्यावरची चावी काढून तिनंच त्याच्या हातात दिली. त्याला वाटलं होतं ती रडेल, विनवण्या करेल. समजूत घालायची सगळी तयारी त्याची वाया गेली. चावी खिशात टाकत म्हणाला, "शनिवारचे डबे मी पोचवीन. त्यात काय एवढं?"

शनिवारी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. डबे पोचवायला. मी भाकरी थापल्या, सुनेनं डबे भरले आणि कुठला बंगला कुठं ते समजावलं. तो "माहितेय, माहितेय" करत गेला.

आला तो दिवेलागणीला, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. चिक्कीच्या दुकानांपाशी गर्दीत अडकला. तिथूनच बंगलेवाल्यांचे फोन सुरू, "भैया, किधर हो?" एका ठिकाणी रखवालदारानं फाटकाबाहेर उभं केलं. एका बाईनं त्याला वाढायलाच सांगितलं. एकीकडं ठेचा राहिला म्हणून दुसऱ्या बंगल्यातून मागून आणायला लावला. हे सगळं आम्ही विचारलं नव्हतं, तोच सांगत होता. शेवटी पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाला, "त्या पिवळ्या खांबांच्या फाटकातून तर गाडी आत घालायची सोयच न्हाई. मी बाहेर लावली आणि डबे चढावानं हातात नेले. लय अरुंद हाय ते."

सून भाकरी शेकत होती. मान न वळवता म्हणाली, "व्हय का?"

बस, एवढंच. अगं, अख्खं भांडण करून एवढं साधलं नसतं.

रविवारी सकाळी बघते तर चावी खिळ्यावर, आणि साहेब विहिरीच्या मोटारीचं काहीतरी बघायला शेतात. उन्हं उतरेपर्यंत परत आले नाहीत. चावीबद्दल ना तो बोलला, ना ती. मीही नाही बोलले, आणि माझ्यासाठी ते किती अवघड होतं, ते तुला ठाऊकच आहे. त्यानंतर कुणी डागाबद्दल विचारलं की तो म्हणतो, "आमची आई देवभोळी आहे." म्हणू दे. खांब कुणाच्या तोंडात येत नाही, ते मला पुरे.

आता तू ऊठ, नाहीतर लोकल चुकेल. सून येतेच आहे बाजारातून, ती सोडील तुला कान्ह्याच्या स्टेशनवर. नीट चालवते गं, घाबरू नकोस. आणि परत ये, लवकर ये. शनिवार-रविवार सोडून कधीही ये, त्या दोन दिवसांत ती घरात सापडत नाही. राहायला ये चांगली, पिशवीत साडी-गाऊन टाकून. नुसतं तोंड दाखवून पळालीस, तर बोलणार नाही बघ तुझ्याशी.