पंख्याच्या पात्यावरचं नाव

खैरुद्दीन मुकादमचं आखातात, रास अल खोरच्या बाजारात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं, पण त्याची खरी ख्याती वेगळीच. चांगल्या कामासाठी माणसांकडून पैसे काढण्यात तो वस्ताद होता. माणसाला पुण्यापेक्षा नाव प्यारं असतं, हे त्याने फार लवकर ओळखलं होतं. रत्नागिरीकडच्या त्याच्या खाडीकाठच्या गावात हायस्कूल उभं राहिलं ते त्या जोरावर. बाकावर देणाऱ्याचं नाव, कपाटावर नाव, पंख्याच्या तीन पात्यांवर तीन भावांची नावं. पंखा फिरू लागला की तिघेही दिसेनासे होत, पण तक्रार कुणाचीच नव्हती.

शेजारच्या दुकानातल्या सुदानी इद्रीसच्या गावची माध्यमिक शाळा लढाईत जळाली, तेव्हा खैरुद्दीनने ते काम आपणहून अंगावर घेतलं. इथे आपल्या मनाने वर्गणी गोळा करणं म्हणजे तुरुंगाला आमंत्रण. म्हणून परवाना असलेल्या एका संस्थेला त्याने मध्ये घेतलं. पैसे थेट तिच्या खात्यात जात. गोड बोलणं मात्र त्याचंच. सिलिकॉन ओएसिस वसाहतीतल्या अनुपमाताई गाडीच्या आरशासाठी दुकानात आल्या आणि एका वर्गखोलीचे पैसे देऊन गेल्या.

“ताई, दारावर तुमच्या आईचं नाव. एकदम प्रॉपर, संगमरवरात!”

एक वर्ग त्याने स्वतःसाठी राखून ठेवला होता, बायकोच्या नावाने. मैमुनाबी सातवीपर्यंत वर्गात पहिली यायची. पुढचं हायस्कूल खाडीपलीकडे. “सासऱ्यांनी पाठवलं नाही हो, जुन्या वळणाचा माणूस,” असं तो येईल त्याला मान हलवत सांगे. निदान तिचं नाव तरी हायस्कुलात जावं, ही त्याची मनापासूनची हौस होती. शारजातल्या घरी तिच्या नावाचा दगड कोरून तयारही होता.

आणि सुदानहून हेडमास्तरांचा निरोप आला. इद्रीसने तो दुकानाच्या दारात उभं राहूनच सांगितला.

“नाम नहीं, हबीबी. बंदूकवाला आता है, नाम पढ़ता है, पूछता है ये पैसेवाला किधर है. फिर मास्टर को उठाता है. नाम सब खलास.”

आता देणारे मागे फिरणार, या धास्तीने खैरुद्दीनने अनुपमाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “अहो काका, सेफ्टी फर्स्ट. आई कोण होती ते मला माहीत आहे, तेवढं पुरे.” बाकीचेही कुरकुरत का होईना, तयार झाले. अडून बसला तो एकटा खैरुद्दीन! बायकोच्या नावाचे पैसे त्याच्याकडून सुटेनात. आठवडाभर तो त्या दगडाकडे बघत फुगून बसला.

मैमुनाबीने ते पाहिलं. भाकरी थापता थापता तिने विचारलं, “त्या शाळेत पोरी जातात काय?”

त्याला ठाऊक नव्हतं. त्याने इद्रीसला विचारलं, इद्रीसने हेडमास्तरांना. शाळा तात्पुरती भरत होती; लहान वर्गांत मुली होत्या, मोठ्या वर्गांत जवळजवळ नाहीतच. आईबाप तयार होते, पण शाळेचे संडास इमारतीबरोबर जळाले होते आणि मोठ्या मुली उघड्यावर जाणार कुठे?

“आता संडासासाठी पैसे मागू?” खैरुद्दीन वैतागला. “त्याच्यावर कोण आपल्या आईचं नाव—”

तो बोलता बोलता थांबला. इतकी वर्षं त्याने बाक मिळवले, पंखे मिळवले, कमान मिळवली. संडास एकही नाही. आता तर नाव द्यायचंच नव्हतं, मग वर्ग काय आणि संडास काय!

मैमुनाबीने हात धुतले आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

“बाबांनी मला पाठवलं होतं,” ती म्हणाली. “सकाळच्या होडीने जायचं, संध्याकाळच्या होडीने परत. तिथे पोरींना जागा नव्हती, म्हणून दिवसभर पाणीच पीत नसे. एकदा चक्कर येऊन वर्गात पडले. घरी काय सांगणार? म्हटलं, मला शिकायचं नाही. बाबा रागावले, मारलंसुद्धा.”

“मला कधी बोलली नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही आपले बाबांना नावं ठेवत फिरलात.”

खैरुद्दीनला स्वतःची भयंकर लाज वाटली. मेलेल्या सासऱ्याची त्याने गावभर बदनामी केली होती.

“आणि आपल्या गावच्या हायस्कुलात?” तिने हळूच विचारलं. “तिथे पोरींना आहे का?”

त्याला तिथला पंखा न् पंखा आठवत होता. संडास एकच होता, मास्तरांचा, आणि त्याला कुलूप असे.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी त्याने मैमुनाबीला बरोबर घेऊन संस्थेत जाऊन आपले वर्गाचे पैसे मुलींच्या संडासासाठी भरले. मग तिथूनच गावी शाळा कमिटीच्या हनीफला फोन लावला. हनीफने सगळं ऐकून घेतलं आणि जुन्या सवयीने विचारलं, “करू की, इन्शाल्ला. पण खैरूभाई, नाव कुणाचं टाकायचं?”

“कुणाचंच नको,” खैरुद्दीन म्हणाला.

शेजारी बसलेल्या मैमुनाबीने त्याच्या हातून फोन घेतला. “हनीफ, कडी आतून घट्ट लागली पाहिजे. आणि पाणी ठेव बाबा, पाणी.”